नऊ फळ्यांतली पाचवी

मित्रांनो, फळी म्हटले की तुमच्या मनात काय येते ते मला ठाऊक आहे. क्रिकेटची सलामीची फळी, नाहीतर निवडणुकीतली विरोधकांची फळी. त्या दोन्ही फळ्या ऐन वेळी कोसळतात. मी त्यांतली नव्हे. मी एक जुनी लाकडी फळी आहे, एका कुलपाच्या दुकानाची. लोखंडी शटर येण्यापूर्वी दुकाने उभ्या फळ्या लावून बंद करत असत. आमच्या दुकानाला तशा नऊ फळ्या होत्या. मी पाचवी.

आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव गोड नाही. तुमच्या पुस्तकांतल्या जुन्या वस्तू डोळ्यांत पाणी आणून आपली कहाणी सांगतात. मला ते जमत नाही. बावीस वर्षे मी गटारावर आडवी पडून होते. एवढा काळ लोकांच्या पायांखाली राहिले की लोकांविषयी काही मत तयार होते. माझे झाले आहे, आणि ते मी लपवणार नाही.

सुरुवातीपासून सांगते. नव्वद वर्षांपूर्वी एका कुलूपवाल्याने जुन्या बाजारगल्लीत दुकान घेतले आणि एका सुताराला बोलावले. हा सुतार गावभर हळू कामासाठी प्रसिद्ध होता. मालकाने तीनदा घाई केली. तिन्ही वेळा त्याने रंधा खाली ठेवला, सावकाश पाणी प्यायला आणि मग पुन्हा रंधा उचलला. त्याने आम्हा नऊ जणींना एकाच खोडातून काढले. प्रत्येकीची कड अशी तासली, की ती फक्त आपल्या शेजारणीतच बसावी. चौकटीला वर एक खोबण आणि खाली दगडी उंबऱ्यात एक खोबण. आधी वर डोके घालायचे, मग खाली पाय सोडायचा. शेवटी सगळ्यांवरून एक लोखंडी दांडा आडवा घालायचा आणि त्याला कुलूप. आमच्या डोक्यांवर त्याने पटाशीने आकडे कोरले आणि मालकाला म्हणाला, "क्रम चुकवलात तर दुकान मिटणार नाही. मग मला बोलावू नका." त्यानंतर त्याला कोणी बोलावले नाही. बोलवायची वेळच आली नाही. असे काम करणारा माणूस गावाच्या कुठल्याही सत्कारात मी पाहिला नाही, हे जाता जाता सांगते.

त्या काळी गल्लीत एकतीस दुकाने होती आणि एकतीसही फळ्यांची. सकाळी साडेआठला फळ्या निघू लागल्या की या टोकापासून त्या टोकापर्यंत खडखडाट होई. आंधळ्या माणसालाही आवाजावरून कळे, की छत्रीवाल्याचे उघडले, बटणवालीचे अजून बाकी आहे. संध्याकाळी पुन्हा तोच आवाज उलट्या क्रमाने. या एवढ्याच कामासाठी माझा जन्म होता. सकाळी बाजूला व्हायचे, संध्याकाळी जागेवर यायचे. सोपे काम वाटते ना? किती माणसांना ते आयुष्यभर जमत नाही.

दुकान पुढे मुलाकडे आले. हे माझे खरे मालक. गल्लीत त्यांना सगळे कुलूपकाका म्हणत. काका फार कमी बोलत. त्यांना एकच मुलगी होती. शाळा सुटली की ती दुकानात येई आणि कानस, पकड, जुन्या किल्ल्या यांच्यात रमून जाई. दिवसा मी भिंतीला टेकून उभी असे. काकांनी एके दिवशी माझ्या आतल्या अंगाला एक कडी-कोयंडा ठोकला, त्यात एक जुने कुलूप अडकवले आणि मुलीच्या हातात एक वाकवलेली तार दिली. "उघड," एवढेच म्हणाले.

ते कुलूप उघडायला तिला नऊ दिवस लागले. मग काकांनी दुसरे अडकवले, मग तिसरे. तिच्या तारेचे ओरखडे माझ्या अंगावर अजून आहेत. ती कान माझ्याजवळ आणी आणि कुलपाच्या आतल्या पट्ट्यांचा आवाज ऐके. लाकडातून आवाज चांगला जातो, हे तिने स्वतःच शोधून काढले. अकराव्या वर्षी तिने डोळ्यांवर रुमाल बांधून पाच पट्ट्यांचे कुलूप उघडले. काकांनी ते हातात घेऊन पाहिले, बंद केले, पुन्हा पाहिले आणि म्हणाले, "बरं."

त्या घरात याहून मोठे कौतुक कोणाचे कधी झाले नाही. मुलगी त्या दिवशी घरी जाताना उड्या मारत गेली.

आता सुधारणेची गोष्ट ऐका. मुलगी पंधरा वर्षांची असताना नगरपालिकेवर एक तरुण सदस्य निवडून आला. पुढे तो अध्यक्ष झाला, म्हणून मी त्याला आत्तापासूनच अध्यक्ष म्हणते. त्याला स्वतःलाही ते तेव्हापासूनच आवडले असते. याने 'आधुनिक बाजार' नावाची योजना आणली. गल्लीतल्या प्रत्येक दुकानाला निळ्या रंगाचे लोखंडी शटर हवे, एक तारखेच्या आत. गल्लीच्या तोंडाशी उभे राहून त्याने भाषण केले. फळ्या म्हणजे मागासलेपणाची खूण, परगावचा माणूस हसतो आपल्याला, हे भंगार आता पुरे, असे तो म्हणाला. शटर बनवण्याचा कारखाना त्याच्या मेव्हण्याचा होता. ही गोष्ट त्याने भाषणात सांगितली नाही. वेळ कमी असेल.

त्याच्यापेक्षा मला राग आला तो दुकानदारांचा. ज्यांच्या तीन पिढ्या आमच्या आडोशाने सुखाने झोपल्या, त्यांनी टाळ्या वाजवल्या. आठवड्याभरात सव्वादोनशेच्या वर फळ्या बेकरीच्या भट्टीत गेल्या. बेकरीवाला म्हणत होता, इतके सुकलेले लाकूड पुन्हा मिळायचे नाही. त्या गावात आमची किंमत बरोबर ओळखणारा तो एकटाच, आणि तो आम्हाला जाळत होता.

काका महिनाभर अडून बसले. मग परवान्याचे नूतनीकरण होणार नाही अशी चिठ्ठी आली आणि त्यांनी शटर बसवले. आमच्यातल्या चौघी भट्टीत गेल्या. दोघींचा पोटमाळा झाला, दोघींचे बसायचे बाक. मी उरले. सुधारणेच्या भरात पालिकेने गल्लीतले गटार उघडे केले होते आणि त्यावर झाकणे घालायला ती विसरली होती. छत्रीवाल्याची म्हातारी आई एका सकाळी त्यात पडली आणि तिचा पाय मोडला. दुसऱ्या दिवशी काकांनी मला उचलले आणि दाराशी गटारावर आडवे टाकले. त्यांचा मला राग नाही. कोणीतरी तिथे पडणे भागच होते.

तिथे मी बावीस वर्षे होते. तळव्यांवरून माणूस ओळखायला मी तिथे शिकले. कामाची माणसे माझ्यावरून सरळ चालत जातात. मोठी माणसे माझ्यावर थांबतात, बुटाला लागलेला चिखल माझ्या कडेला पुसतात आणि मग पुढे जातात. पालिकेचे बहुतेक सगळे सदस्य मी असेच ओळखते. त्यांची तोंडे मी पाहिली नाहीत. काही चुकले असेल असे वाटत नाही.

या वर्षांत काका थकले आणि एका हिवाळ्यात गेले. मुलगी दुकान चालवू लागली. आता तिला सगळे ताई म्हणतात. गावात कोणाची किल्ली हरवली, कोणाचे मूल न्हाणीघरात अडकले, कोणाची तिजोरी रुसली, की ताईला बोलावतात. गल्लीतली दुकाने मात्र एकेक करून गप्प झाली. बटणवाली गेली, तिच्या मुलांनी जागा गोदामाला दिली. एकतीस दुकानांपैकी जेमतेम अकरा रोज उघडत होती. बाकीची निळी शटरे गंजून तपकिरी झाली.

आणि मग, मित्रांनो, एके दिवशी आम्ही 'वारसा' झालो.

सरकार जुन्या गल्ल्यांची एक यादी करणार होते. यादीत नाव आले की दुरुस्तीला मदत मिळणार होती, बाहेरचे लोक बघायला येणार होते. हे कळताच अध्यक्षांना गल्लीवर प्रेम जडले. ते आता केस काळे करत. गल्लीत मांडव घालून त्यांनी सभा घेतली. मांडव आमच्या दुकानापाशी संपत होता, त्यामुळे भाषण करताना ते नेमके माझ्यावर उभे होते. तोच माणूस, आवाज थोडा जाड झालेला. आपल्या पूर्वजांनी या गल्लीत जी कारागिरी ओतली ती आपण डोळ्यांत तेल घालून जपली, असे ते म्हणाले. त्या फळ्या, तो सकाळचा खडखडाट, असे म्हणताना त्यांनी छातीवर हात ठेवला. हे सगळे माझ्या पाठीवर उभे राहून. दुकानदारांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचे हात कधीच थकत नाहीत.

तपासायला दोन महिन्यांनी अधिकारी येणार होते. तोवर गल्ली 'जुनी' करायची होती. काम कोणाला मिळाले ते विचारू नका. मेव्हण्याने शटरचा कारखाना बंद करून आता प्लायवूडचे दुकान टाकले होते. त्याने प्लायवूडच्या पट्ट्या कापल्या, त्यांना चहाच्या पाण्याचा आणि बूटपॉलिशचा हात दिला, त्यावर खोटे आकडे कोरले आणि शटरच्या पुढ्यात चौकटीवर खिळ्यांनी ठोकून टाकल्या. एका दुकानाला सात नंबरच्या दोन फळ्या होत्या. कोणाच्या लक्षात आले नाही. फळ्या ठोकल्यावर शटर वर जात नसे. म्हणून पाहणी होईपर्यंत सगळी दुकाने बंद ठेवायची, असे ठरले. छत्रीवाल्यानेही ठोकून घेतल्या आणि तो घरी बसून राहिला.

ताईने नाही म्हटले. तिचे म्हणणे साधे होते. रोज कोणी ना कोणी अडलेला माणूस येतो, दुकान महिनाभर बंद कसे ठेवायचे? अध्यक्षांनी नेमलेल्या वारसा समितीची माणसे दोनदा येऊन गेली. तिसऱ्या खेपेला अध्यक्ष स्वतः आले. बूट माझ्यावर पुसून आत गेले आणि म्हणाले, "ताई, खरं सांगायचं तर तुमचं दुकान वारशात बसत नाही."

"रोज उघडं असतं म्हणून?" ताईने विचारले.

अध्यक्ष बूट वाजवत निघून गेले. चार दिवसांनी लेखी नोटीस आली. पंधरा दिवसांत दर्शनी भाग लाकडी फळ्यांचा केला नाही, तर परवाना रद्द होईल आणि दुकान बसस्थानकामागच्या नव्या गाळ्यात हलवावे लागेल. त्या गाळ्यांना खिडकी नाही आणि तिकडे कुत्रेही फिरकत नाही. ताईने नोटीस तीनदा वाचली. त्या दिवशी तिने जेवणाचा डबा उघडला नाही. बाकावर बसून वडिलांची कानस नुसती हातात फिरवत राहिली. मी दारातून पाहत होते. बावीस वर्षांत पहिल्यांदा मला माझ्या जागेची लाज वाटली. आत ती एकटी बसली होती आणि मला उठता येत नव्हते.

संध्याकाळी तिने नोटीस चौथ्यांदा वाचली. फळ्या ठोकलेल्याच हव्यात, असे तिच्यात कुठे लिहिले नव्हते. मग उठली आणि पोटमाळ्याच्या दोन फळ्या उतरवल्या.

दुसऱ्या दिवशी तिने बाक मोडले. मग बाहेर आली, गुडघ्यांवर बसली आणि पहारीने मला उचकटले. माझ्या खालच्या टोकाला चार बोटे लाकूड कुजले होते. तिने ते कापून टाकले आणि घट्ट जोड दिला. दुखले का, असे कोणी विचारले नाही, आणि तेच बरे. घासल्यावर आतल्या अंगावरचे ओरखडे दिसू लागले तेव्हा तिचा हात थांबला. थोडा वेळ तिने तिथे कान लावला. काय ऐकले ते तिचे तिला माहीत.

भट्टीत गेलेल्या चौघींच्या जागी तिने चार नव्या फळ्या करून घेतल्या. उंबऱ्याची खोबण सुधारणेच्या काळात सिमेंटने बुजवली होती. ती फोडायला दोन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी छत्रीवाला आला, छिन्नी घेतली आणि दुसऱ्या टोकाने फोडायला बसला. त्याच्या आईचा पाय या गटारात मोडला होता. एवढे तरी त्याला आठवत होते.

शटर निघाले. आम्ही नऊ जणी खोबणीत उभ्या राहिलो, पाच काळ्या आणि चार पांढऱ्याफटक. अध्यक्ष बघायला आले आणि म्हणाले, या चारींना पॉलिश मारा, डोळ्यांना खुपतात, तोवर नोटीस कायम. ताई म्हणाली, वापरून वापरून येईल रंग, दहा-पंधरा वर्षांत. अध्यक्षांना दहा-पंधरा वर्षांचे काही सांगून उपयोग नसतो. त्यांचा हिशेब पाच वर्षांचा.

पाहणीच्या बाई ठरल्या दिवशी आल्या. साध्या चपला, खांद्याला कापडी पिशवी. अध्यक्षांनी पुष्पगुच्छ पुढे केला, तो त्यांनी शेजारच्या कारकुनाकडे दिला. गल्लीत दोन्ही बाजूंना पॉलिशचा वास आणि बंद दारे. बाई पहिल्या दुकानापाशी थांबल्या, फळीवर बोटाने टकटक केली. बिस्किटाच्या रिकाम्या डब्यासारखा आवाज आला.

"हे उघडून दाखवता?" बाई म्हणाल्या.

समितीने एकमेकांकडे पाहिले. मालक बाहेरगावी गेलेत, असे कोणी म्हणाले. मालक तिथेच उभा होता. बाई दुसऱ्या दुकानाकडे गेल्या, मग तिसऱ्या, मग समोरच्या ओळीत. प्रत्येक ठिकाणी तेच एक वाक्य. वीस दुकाने झाली तरी एकही उघडले नाही. एका ठिकाणी प्लायवूड उन्हाने फुगून वर आले होते आणि फटीतून निळे शटर दिसत होते. बाईंनी ते पाहिले आणि वहीत लिहिले. अध्यक्ष रुमालाने मान पुसत होते.

मग त्या आमच्या दुकानाशी आल्या. आमचे दुकान उघडे होते. आम्ही नऊ जणी भिंतीला टेकून उभ्या होतो. शिवणकाम करणाऱ्या एक बाई मशीन घेऊन आल्या होत्या. मशीनच्या झाकणाचे कुलूप अडकले होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कपडे द्यायचे होते.

अध्यक्ष घाईघाईने पुढे झाले आणि ताईला म्हणाले, मॅडम आल्या आहेत, ते राहू द्या, आधी फळ्या लावून दाखवा.

ताईने मान वर केली नाही. "गिऱ्हाईक आहे," ती म्हणाली. "हे होऊ दे."

पाहणीच्या बाई उंबऱ्यावर बसल्या. वीस मिनिटे बसल्या. त्यांच्या मागे समिती उन्हात उभी होती, कारण सावली फक्त दुकानात होती आणि दुकानात जागा नव्हती. माझ्या आयुष्यातली ही सर्वांत चांगली वीस मिनिटे. झाकण उघडले, शिवणाऱ्या बाई मशीन उचलून निघून गेल्या, तेव्हा ताईने हात पुसले आणि आम्हाला एकेक करून लावले. वर डोके, खाली पाय. मी माझ्या जागी बसले. माझा जोड जरा कुरकुरला, पण बसले.

बाईंनी पांढऱ्या फळ्यांवरून हात फिरवला. "या चार नव्या का?"

"जुन्या जाळल्या."

"कोणी?"

ताईने अध्यक्षांकडे पाहिले नाही. "तेव्हा आधुनिक बाजार होता," ती म्हणाली.

अध्यक्ष खाली गटाराकडे पाहू लागले. त्यांच्या पायांखाली आता फळी नव्हती.

निकाल महिन्याभराने आला. गल्लीचे नाव यादीत आले नाही. अहवालात लिहिले होते की ठोकलेले प्लायवूड काढावे, दुकाने आधी चालू करावीत, मग तीन वर्षांनी पुन्हा पाहू. खाली एक ओळ होती, की कुलपाचे दुकान आहे तिथेच राहू द्यावे, ते नसेल तर पुन्हा पाहण्यासारखे काही उरणार नाही. त्या ओळीमुळे परवान्याची नोटीस मागे घ्यावी लागली. अध्यक्षांनी वर्तमानपत्रात सांगितले, की एका व्यक्तीच्या हट्टामुळे गाव मागे पडले. त्यांचा फोटोही आला होता. पाठीमागे बूटपॉलिशचा वारसा.

बहुतेक दुकानदार अजून ताईवर रुसून आहेत. रुसू देत. प्लायवूड फुगले, सोलले, आता त्याचे तुकडे गटारात पडतात. छत्रीवाल्याने मात्र आपले खिळे स्वतः उपटले. मेव्हण्याकडे न जाता तो दूरच्या गावातून एक सुतार शोधून आला. परवा त्याच्या आठ फळ्या बसल्या. पहिल्याच संध्याकाळी लावताना त्याने क्रम चुकवला आणि अर्धा तास घाम गाळत उभा राहिला. ताईने जाऊन दाखवून दिले. मला हसू आले, पण त्या माणसाला मी आता पूर्वीइतके तुच्छ मानत नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे झालात की कोणीतरी तुम्हाला सांगेल, जुन्याचा अभिमान बाळगा. अभिमान बाळगणारे मी पुष्कळ पाहिले. ते माझ्यावर उभे राहून गेले. अभिमानाने लाकडाला कीड लागायची थांबत नाही. वर्षातून दोनदा जवसाच्या तेलाचा हात द्यावा लागतो, खोबणीतली माती काढावी लागते आणि रोज सकाळी उचलून बाजूला ठेवावे लागते. एवढे करायला जो तयार नसेल, त्याने आमच्यावर भाषण करू नये.

आमची गल्ली बघायला जरूर या. फोटो हवा असेल तर साडेआठच्या आत या, त्यानंतर मी कामाला लागते. आणि रिकाम्या हातांनी येऊ नका. घरात एखादे अडलेले कुलूप असेलच, तेवढे घेऊन या.